रुल्फीन वाटाड्या शोधते

रुल्फीनच्या बोटीवर पाय ठेवणाऱ्याला एक कप कॉफी आणि एक बिस्कीट मिळे. एकच. पत्र्याचा डबा ती पुढे करी, समोरच्याने एक उचललं की झाकण टपकन बंद. दुसरं बिस्कीट मागायची हिंमत हॉलंडातल्या वाल नदीवर अजून कोणाची झाली नव्हती. रुल्फीनचं वय शहात्तर, म्हणजे लोकांना वेळ कमी मिळाला होता असंही नाही.

नदीचे वाटाडेही यातून सुटत नसत. अनोळखी पाण्यात बोट न्यायची तर तिथला माहीतगार वाटाड्या बोलवायचा, ही रीतच होती. रुल्फीन त्याला आधी कॉफीला बसवी आणि सहज विचारी, "पुलाखालची वाळू सध्या कुठे सरकलीये?" जो फाडफाड सांगे, त्याला ती बिस्कीट संपायच्या आत किनाऱ्यावर पाठवी. जो उलट विचारे, "बाई, आज बोटीत किती माल आहे? पाण्यात किती खोल बसलीये?" त्याला सुकाणू मिळे. आधी आपलं ओझं विचारतो तो खरा, बाकीचे आपलं शहाणपण खपवायला आलेले, हे तिचं गणित. शाळा तिची चार यत्तांची, तीही थंडीत नदी गोठली की तेवढीच. पण या गणितात ती कधी चुकली नव्हती.

माणसांची एकच जात तिने बोटीवर कधी घेतली नव्हती, ती म्हणजे डोक्याचे डॉक्टर. ते सगळे एकसारखेच असतात, दाढी ठेवतात, आणि त्यांच्याकडे एकदा गेलेल्याची गोष्ट नदीभर होते, एवढीच तिची माहिती. आणि रुल्फीनच्या घरातली गोष्ट नदीभर होणं म्हणजे नदी उलटी वाहण्यासारखं.

मग मार्च महिना आला.

बोट पंचावन्न मीटरची, तिच्या सासऱ्याने बांधून घेतलेली. नाव 'नोइट खेदाख्त', म्हणजे ध्यानीमनी नव्हतं असं. रुल्फीन एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तिच्यावर आली ती उतरलीच नाही. नवरा बेरेंड नऊ वर्षांपूर्वी गेला. आता बोट चालवायचा मुलगा हार्मेन, पन्नाशी ओलांडलेला, आणि त्याची बायको यित्स्के. रुल्फीन सुकाणूच्या केबिनमध्ये आपल्या बाकावर बसून दोघांना न विचारता सल्ले द्यायची.

त्या मार्चमध्ये ते खडी घेऊन एका लॉकमधून खाली उतरत होते. लॉक म्हणजे नदीतली पायरी. दोन्ही बाजूंना उंच भिंती, पुढेमागे लोखंडी दारं. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडायचं, बोट हळूहळू खाली बसते, मग पुढचं दार उघडतं. पाणी उतरेल तसा भिंतीच्या खुंटावरचा दोर सोडत जायचा, एवढंच काम. त्या दिवशी दोर खुंटावर आवळला. पाणी खाली चाललं आणि बोट एका अंगाने वर टांगलेली राहिली. कपाटातली भांडी खळाखळा खाली आली. हार्मेन कुऱ्हाड घेऊन धावला, दोन घाव घातले, दोर तुटला, बोट धपकन खाली आली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. वर उभा असलेला लॉकवाला म्हणाला, "शाब्बास, वेळेवर तोडलास."

आणि रुल्फीन त्या लॉकवाल्यासमोर म्हणाली, "तुझ्या बापाच्या हातून असं कधी झालं नसतं."

त्या दिवसापासून लॉकची भिंत लांबून दिसली की हार्मेनच्या हाताला मुंग्या यायच्या, छाती धडधडायची, गळ्याखाली घामाची धार लागायची. तो सुकाणू यित्स्केच्या हातात द्यायचा आणि खाली निघून जायचा. "पंप बघून येतो." ऑगस्ट उजाडेपर्यंत जगातला कुठलाच पंप इतका बघितला गेला नसेल.

यित्स्के गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून एक घडीचा कागद घेऊन आली. वर लिहिलं होतं, 'मनाचं दुखणं: कोणाकडे जावं?' हार्मेनने तो उघडलासुद्धा नाही.

"मी वेडा नाहीये."

"वेडा कोण म्हणालं?" यित्स्के म्हणाली. "दाढ दुखली तर दातवाल्याकडे जातोसच ना?"

"दाढ दाखवता येते."

कागद बटाट्याच्या सालींच्या बादलीत गेला. आणि त्याच संध्याकाळी जेवताना, ताटातून मान न उचलता, हार्मेन म्हणाला, "ऑक्टोबरात बोट विकू. दलालाशी बोललोय. लॉकमध्ये जाता येत नाही त्याने बोट ठेवू नये."

यित्स्केचा काटा ताटातच थांबला. रुल्फीन काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही हेच त्या जेवणातलं सगळ्यात मोठं वादळ. भांडी घासून झाल्यावर तिने बादलीत हात घातला, कागद काढला, एप्रनला पुसला आणि छातीशी ठेवला. बोट जाणार असेल तर नदीभर गोष्ट झाली तरी परवडेल, असा विचार तिच्या मनात आला. लगेच दुसरा आला, की आपण फोन केला तर कोणाला कळणारच कसं?

मंगळवारी खडीच्या धक्क्यावर त्यांचा नंबर तिसरा होता. भरायला दुपार होणार. यित्स्के सायकल घेऊन बाजाराला गेली. हार्मेन म्हणाला, "क्रेनवाल्याला भेटून येतो," आणि धक्क्यावर उतरला. रुल्फीन केबिनमध्ये एकटी. तिने चष्मा लावला, कागद पुढ्यात पसरला, बिस्किटाचा डबा हाताशी घेतला, आणि जागा हवी म्हणून तो वायरलेसवर सरकवून ठेवला. फोनचा आवाज तिने मोठा केला, कारण डाव्या कानाने संप पुकारला होता आणि उजवा विचारात होता.

बेत साधा होता. आजारी मीच, असं सांगायचं. एकेकाला जोखायचं. जो आधी ओझं विचारेल तो पक्का करायचा आणि मग हार्मेनला मानेला धरून त्याच्यापुढे उभा करायचा.

पहिला फोन गावच्या दवाखान्यात. तिथे मनाच्या तक्रारींसाठी एक नर्स बसते, असं कागदावर होतं.

"मला लॉकची भीती वाटते," रुल्फीन म्हणाली. वयाच्या शहात्तराव्या वर्षी तिने पहिल्यांदा कबूल केलेली भीती, आणि तीसुद्धा खोटी.

"कधीपासून, आजी?"

"मार्चपासून. पण आधी तू सांग, तू डॉक्टर का?"

"नाही. मी डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसते. लोकांशी बोलते, चार-पाच वेळा. पुष्कळांचं तेवढ्यात भागतं. नाही भागलं तर पुढे कोणाकडे जायचं ते आम्ही ठरवतो."

"म्हणजे धक्क्यावर उभी राहून पहिला दोर झेलणारी तू."

"हो," ती पोरगी हसली. "दोर झेलते आणि बांधून ठेवते, बोट वाहून जाऊ नये म्हणून."

रुल्फीनला पोरगी आवडली, पण आवडली हे सांगायची तिला सवय नव्हती. "बरं," एवढं म्हणून तिने फोन ठेवला आणि कागदावर पेन्सिलने दोराचं वेटोळं काढलं. लिहिण्यापेक्षा चित्र काढणं तिला सोपं जाई.

दुसरा नंबर कागदावरचा नव्हता. किराणा घेऊन बोटींमागे फिरणारी दुकानाची बोट असते, तिच्या फळ्यावरची चिठ्ठी होती. त्यावर 'जीवन-मार्गदर्शक' असं लिहिलं होतं. माणसाचा आवाज लोण्यासारखा.

"रुल्फीन, मी तुला अगं म्हटलं तर चालेल ना?"

"नाही."

"बरं. तर तुमच्या आतली नदी अडलीये. तिला आपण वाहू द्यायची."

"माझी बाहेरची नदी आहे तेवढी पुरे. तुम्ही हे शिकलात कुठे?"

"आयुष्याच्या शाळेत. आणि शनिवार-रविवारचा एक वर्गही केलाय."

"त्याआधी?"

"स्वयंपाकघरं विकायचो. पण त्यातही माणसांशीच संबंध यायचा."

"ही पाटी लावायला परवाना लागतो?"

"तसा नाही. कोणीही लावू शकतं. पण माझं काम मनापासून..."

"मीही मनापासून विणते. म्हणून कोणी मला जहाजाचे दोर वळायला सांगत नाही." तिने फोन ठेवला आणि कागदाच्या कडेला एक टोपी काढली. कप्तानाची टोपी बाजारात कोणालाही मिळते, आणि असे टोपीवाले तिने पुष्कळ पाहिले होते.

तिसरा फोन मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात. तिथली मदतनीस नियमाची पक्की होती. "इथले डॉक्टर वैद्यकीय डॉक्टर आहेत, बाई. औषधं लिहून देतात. फार खोल गेलेलं दुखणं असेल, झोप नाही, अन्न जात नाही, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, तर तुमच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन यायचं. तुम्हाला झोप येते?"

"घोरते."

"जेवण?"

"आज सकाळी दोन अंडी खाल्ली आणि सुनेच्या ताटातलं अर्धं डुकराचं मांस."

"मग आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. आमच्याकडे पाच महिन्यांची रांग आहे, आणि रांगेतल्या लोकांना दोन अंडी जात नाहीत."

उत्तर सडेतोड होतं आणि रुल्फीनला सडेतोड माणूस पटे. तिने कागदावर स्पॅनरचं चित्र काढलं. इंजिन खोलणारा तो हा. इंजिन बसलं तर यालाच बोलवायचं, पण दोर अडकला म्हणून इंजिन खोलत नाहीत.

चौथी समाजसेविका. बाईंनी घरातली भांडणं, सरकारी कागद, राहायची सोय, म्हातारपणाची मदत, सगळं विचारलं. कामाची बाई, किनाऱ्यावरच्या कटकटी निस्तरणारी. फक्त एका जागी अडली.

"तुम्ही राहता कुठे?"

"आत्ता धक्क्यावर. उद्या पुढे."

"हो, पण घर?"

"तेच पुढे जातं."

समाजसेविकेने पाण्यावरच्या लोकांसाठी वेगळी माणसं असतात का ते बघून कळवते असं सांगितलं, आणि आवाजावरून वाटलं की खरंच कळवेल. रुल्फीनने तिच्या नावापुढे छत्री काढली.

साडेदहा वाजले. कागदावर लिहिलं होतं, 'मानसशास्त्रज्ञ ताम्मिंगा, फोनवर भेटायची वेळ साडेदहा ते अकरा.' रुल्फीनने एक बिस्कीट तोंडात टाकलं, डबा पुन्हा वायरलेसवर चांगला दाबून बसवला, आणि नंबर फिरवला.

"ताम्मिंगा," कोरडा आवाज. बाईचा. दाढी नसावी.

"मला लॉकची भीती वाटते."

"बोटीवर असता?"

"जन्मभर."

"बोट भरलेली असताना जास्त वाटते का रिकामी असताना?"

रुल्फीनचा हात थांबला. हिने ओझं विचारलं.

"भरलेली असताना," ती अंदाजाने म्हणाली.

"वर चढताना जास्त, का खाली उतरताना?"

रुल्फीनला माहीत नव्हतं. पाच महिने मुलगा तिच्या डोळ्यांसमोरून खाली पळत होता आणि तिने त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं. पंपाबद्दल टोमणे मारले होते तेवढे.

"बाई," ताम्मिंगा म्हणाली, "ज्याला भीती वाटते तो याचं उत्तर माझा प्रश्न संपायच्या आत देतो. ही भीती कोणाची आहे?"

खोटं पकडलं गेल्याची रुल्फीनला सवय नव्हती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. क्रेन पहिल्या बोटीत खडी ओतत होती.

"मुलाची."

"मग फोन त्याने करायला हवा. तुम्ही अनोळखी पाण्यात वाटाड्या घेता ना?"

"घेतो."

"कप्तानाच्या आईने बोलावलं तर येतो?"

"नाही येत. कप्तानानेच बोलवावा लागतो."

"माझंही तसंच आहे. आणि मी आले तरी सुकाणू माझ्या हातात घेत नाही. शेजारी उभी राहते. आधी आम्ही दोघं लॉकच्या भिंतीवर नुसते उभे राहू, बोटीशिवाय. मग रिकामी बोट. मग भरलेली. भीती धाडकन जात नाही, पण तिच्याबरोबर आत जाता येतं. मुलगा का येत नाही?"

"लाज वाटते त्याला."

"कोणाची?"

या बाईला कॉफी न पाजताच पक्की करावी असं रुल्फीनला वाटलं, आणि त्याच वेळी तिचा रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे असेल, चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं तोंडातून निघालं.

"माझी. मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाच्या हातून असं कधी झालं नसतं. सगळ्यांसमोर."

"आणि झालं नव्हतं?"

"झालं होतं. तस्संच. दोर, खुंट, कुऱ्हाड, सगळं. बेरेंड त्यानंतर वर्षभर लॉकमध्ये सुकाणूला हात लावत नव्हता. लॉक आलं की खाली जाऊन बटाटे सोलायचा. पाच माणसांना पुरतील एवढे बटाटे, आणि जेवायला आम्ही दोघं."

"मग बोट कोण नेत होतं?"

"मी. बेरेंडची टोपी घालून, कॉलर वर करून. लॉकवाले वरून हात करायचे, काय बेरेंड, कसा आहेस? मीही हात करायचे. एकजण म्हणाला, बेरेंड, तुला दाढी नसलेली जास्त शोभते."

ताम्मिंगाने फोनपासून तोंड लांब नेलं असावं, हसू आवरण्यासाठी.

"आणि मुलाला माहीत नाही."

"तो तेव्हा आठ वर्षांचा. बोटवाल्यांच्या मुलांच्या वसतिगृहात होता. सुट्टीत यायचा तेव्हा आम्ही धक्क्याला बांधलेले असायचो, मुद्दाम. कोणालाच माहीत नाही. नदीवर कोणालाच नाही. आणि कळायचंही नाहीये."

"नदीला नका सांगू," ताम्मिंगा म्हणाली. "मुलाला सांगा. माझ्या रांगेत त्याला अकरा आठवडे थांबावं लागेल. तोपर्यंत दवाखान्यातल्या नर्सकडे जाऊ द्या, ती चांगली आहे."

"भेटलेय तिला," रुल्फीन म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन मिनिटं झाली नसतील तोच केबिनचं दार ठोठावलं. शेजारच्या बोटीचा म्हातारा बाउके, हातात टोपी, चेहरा असा की चर्चमध्ये हसू फुटलेलं पोर.

"रुल्फीनवहिनी, तो डबा उचल."

"बिस्कीट पाहिजे तर कॉफीच्या वेळेला ये."

"बिस्कीट नको. डबा उचल. तासभर तुला फोन लावतोय, तुझा फोन चालूच. वायरलेसवर ओरडावं तर तुला ऐकू जाणार नाही, कारण तूच बोलतेयस."

रुल्फीनने डब्याकडे पाहिलं. डबा वायरलेसच्या बोलायच्या तबकडीवर बसला होता, नीट, मधोमध, बटणावर. बटण दाबलेलं असलं की त्या यंत्रातून बोलणं जातं आणि ऐकू काही येत नाही, हे नदीवरच्या शेंबड्या पोराला ठाऊक. आणि चॅनल तो, ज्यावर बोटी आपसात बोलतात. जो प्रत्येक केबिनमध्ये दिवसभर चालू असतो.

"किती लांब ऐकू गेलं?" तिने विचारलं.

"पुलापर्यंत नक्की. पुलापलीकडचं मी विचारलं नाही."

तिने डबा उचलला. आणि तासभर तुंबलेली नदी एकदम सुटावी तसा वायरलेस बोलायला लागला.

"...तर मी म्हणतो, काकूंनी नर्सला नकार देऊ नये. मी चार वेळा गेलो, बायको मेल्यावर. मला झोप यायला लागली."

"माझी बायको त्या औषधवाल्या डॉक्टरकडे जाते, दोन वर्षं झाली. लाजायचं काय त्यात, रक्तदाबाच्याही गोळ्या घेतेच की."

"समाजसेविकेने माझ्या घटस्फोटाचे सगळे कागद भरून दिले. छत्री काढली म्हणत असाल तर बरोबर काढलीत."

"छत्री काढली हे तुला कसं कळलं?"

"काढताना मोठ्याने बोलतात काकू."

"तो स्वयंपाकघरवाला मलाही भेटलाय. माझी आतली नदी वाहती करायला आला आणि जाताना ओव्हन बघा म्हणाला."

मग एका बाईचा जाड आवाज. "रुल्फीनकाकू, ऐकताय का? गेली तीन वर्षं आमचे हे लॉक आलं की आंघोळीला जातात. मला वाटायचं नदीवर अशी मी एकटीच. टोपी कुठल्या मापाची घेतली होती?"

बाउके दाराला टेकून खांदे हलवत होता. रुल्फीनने तबकडी उचलली. तिची मान ताठ होती, कान लाल होते, पण ते तबकडीतून दिसत नाही.

"ऐकून झालं असेल तर आपापलं सुकाणू धरा," ती म्हणाली. "आणि टोपी मोठीच घ्यावी. केस आत जायला हवेत."

तबकडी ठेवून ती वळली. "हार्मेन कुठेय?"

बाउकेचं हसू उतरलं. "माझ्या केबिनमध्ये होता. कॉफीला. क्रेनवाला कामात होता."

"पहिल्यापासून?"

"नर्सपासून."

रुल्फीन बाकावर बसली. पुलापर्यंतची माणसं हसली ते तिने एका वाक्यात परतवलं होतं, पण धक्क्यावरून सावकाश येणारी ती पावलं परतवायला तिच्याकडे वाक्य नव्हतं. आता तो म्हणेल, माझी भीती तू नदीवर वाटलीस. आणि उद्याच दलालाला बोलवेल, ऑक्टोबरची वाटही बघणार नाही.

हार्मेन आत आला. बाउके त्याच्या बाजूने गुपचूप सटकला. हार्मेनने आईकडे पाहिलं नाही. तो केबिनच्या खिडकीशी उभा राहिला.

"बाबा कुठे बसायचे?"

"काय?"

"बटाटे सोलायला. कुठे बसायचे?"

"जिन्याखाली. तुझ्या पंपाच्या बाजूला."

"म्हणजे मी बसतो तिथेच."

"तिथेच. तिथून भिंत दिसत नाही."

हार्मेनने पाठ फिरवली. मग त्याच्या पाठीतून एक आवाज आला. रुल्फीनला आधी वाटलं रडतोय. तो हसत होता, न थांबता, खिडकीच्या चौकटीला हात टेकून.

"पाच माणसांचे बटाटे," तो म्हणाला. "आई, म्हणूनच मला सुट्टीत रोज बटाट्याचं सूप असायचं."

"साठलेले संपवायला नकोत? फेकायचे होते का?"

"मला टोपीचं का सांगितलं नाहीस?"

"तुझ्या बापाने शपथ घातली होती. आणि नंतर मलाच वाटायला लागलं, की तसं झालंच नव्हतं." ती एप्रनची कड चाचपत राहिली. "तुला बोलले ते बोलायला नको होतं. लॉकवाल्यासमोर तर नकोच."

एवढं माफीनाम्यासारखं वाक्य तिने लग्नानंतर उच्चारलं नव्हतं. हार्मेनलाही ते कळलं असावं, कारण त्याने ते ओढून लांब केलं नाही.

"ती बाई काय विचारत होती?"

"वर चढताना जास्त, का खाली उतरताना."

"उतरताना," हार्मेन म्हणाला, तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत. "पाणी सुटल्याचा आवाज येतो ना, तेव्हा."

रुल्फीनने कागद त्याच्यापुढे सरकवला. दोर, टोपी, स्पॅनर, छत्री. ताम्मिंगाच्या नावापुढे काही काढायचं राहिलं होतं. घड्याळात अकराला सहा मिनिटं कमी होती. हार्मेनने फोन उचलला, नंबर फिरवला, आणि कानाला लावायच्या आधी वायरलेसकडे पाहून खात्री करून घेतली की त्याच्यावर काही ठेवलेलं नाही. मग जिना उतरून खाली गेला, जिन्याखाली, पंपाच्या बाजूला, आणि दार लावून घेतलं. रुल्फीनने उजवा कान दाराला लावला नाही. म्हणजे लावला, पण काही ऐकू आलं नाही.

दुपारी यित्स्के बाजारातून आली ती सगळं ऐकूनच. धक्क्यावरच्या तिघांनी तिला तीन तऱ्हांनी सांगितलं होतं.

"आई, तुम्ही फोन केलेत?"

"कोणीतरी करायला हवाच होता. तू कागद आणून ठेवलास, आणि त्याने बादलीत टाकला तर गप्प बसलीस."

"मी ते नंबर लिहून ठेवले होते. योग्य वेळ बघत होते."

"तुझी योग्य वेळ येईपर्यंत बोट गेली असती," रुल्फीन म्हणाली. तिने डबा पुढे केला, यित्स्केने एक बिस्कीट घेतलं, झाकण बंद.

बुधवारी सकाळी भरलेली बोट निघाली. नऊच्या सुमाराला लॉकची करडी भिंत वळणावर दिसली. सुकाणू यित्स्केकडेच होतं. हार्मेन उठला, जिना उतरला, आणि रुल्फीनने ओठ आवळून घेतले. अकरा आठवडे आहेत, तिने स्वतःला बजावलं. काल दलालाला त्याने फोन करून सांगितलं होतं, की वसंतापर्यंत थांब, बोटच नसेल तर ती बाई येऊन उभी राहणार कुठे. तेवढं पुरे.

जिना पुन्हा वाजला. हार्मेन वर आला. एका हातात बटाट्यांची बादली, दुसऱ्यात सुरी. तो आईच्या बाकावर बसला, काचेसमोर, भिंत समोर दिसेल असा, आणि सोलायला लागला. सालं जाड निघत होती. रुल्फीनला सालांच्या जाडीवर काहीतरी सुचलं होतं. तिने ते गिळलं.

लॉकला कळवायची वेळ झाली. यित्स्केने वायरलेसकडे हात नेला. हार्मेनने सुरी खाली ठेवली.

"थांब, मी सांगतो." त्याने तबकडी घेतली. त्याला दोनदा खाकरावं लागलं. "'नोइट खेदाख्त' बोलतोय. खडी भरलेली. खाली उतरायचंय."

"या, दार उघडं आहे," लॉकवाल्याचा आवाज आला. जरा थांबून तो म्हणाला, "हार्मेन, तूच का रे? बऱ्याच दिवसांनी. बटाटे किती झाले?"

रुल्फीन तबकडी हिसकावून घ्यायला अर्धी उठली होती.

"सात," हार्मेन म्हणाला. "बाबांच्या मागे आहे अजून."

बोट भिंतींच्या मध्ये शिरली. काच अंधारली. मागचं दार लागलं आणि खालून पाणी सुटल्याचा आवाज आला. हार्मेनने डोळे मिटले, उघडले, आठवा बटाटा उचलला. घामाची धार कॉलरमध्ये शिरताना रुल्फीनला दिसत होती. तिने मांडीवरचा पत्र्याचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एक बिस्कीट घेतलं, खाल्लं. झाकण उघडंच होतं. त्याने आईकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"घे," रुल्फीन म्हणाली, "आणि बाउकेला सांगू नकोस."